विषय: फेब्रुवारीच्या वाचनासाठी कोणती पुस्तकं? (नागरी हक्क चळवळ)

नमस्कार मंडळी,
फेब्रुवारी म्हणजे इथला, अमेरिकेतला, ब्लॅक हिस्ट्री मंथ, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. रविवारच्या शाळेत दुसरी ते पाचवीच्या मुलांना त्यानिमित्त दोन-तीन पुस्तकं वाचून दाखवायचा विचार आहे. पुस्तकं इंग्रजी, गप्पा मराठीत. कृपया सुचवा.
– अनघा (शाळा समिती)

अनघाताई,
रोझा पार्क्सवरचं एखादं चित्रांचं पुस्तक पुरे की. सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट आहे. मुलं लहान आहेत, तुरुंग-बॉम्ब नकोत.
– मिलिंद

मिलिंद,
रोझा पार्क्स जरूर घे, पण आधी बसचं पान उघडून बघ. 'शिवणकाम करून दमलेल्या एक कृष्णवर्णीय बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत' एवढंच असेल, तर ते पुस्तक शेल्फवर परत ठेव. 1 डिसेंबर 1955 ला त्या 42 वर्षांच्या होत्या. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या मॉन्टगोमेरी (अलाबामा) शाखेचं सचिवपद त्यांनी सांभाळलेलं होतं आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत शिबिर करून आल्या होत्या. 'दमले होते ती नमतं घेऊन घेऊन', अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि पुढचं? त्याच रात्री तिथल्या कॉलेजात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सनबाईंनी कॉलेजच्या यंत्रावर बसवर बहिष्कार टाकायची हजारो पत्रकं छापली. लोक 381 दिवस बसमध्ये चढले नाहीत. चालत गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. (आपण दिवाळीच्या एका संध्याकाळची राइड-यादी करताना किती मेल्स करतो, आठवा!) हा भाग पुस्तकात हवा. एकटी शूर बाई मुलांना परीकथेसारखी वाटते. कोणी काय काम वाटून घेतलं हे कळलं, की ती प्रश्न विचारायला लागतात.

क्लॉडेट कोल्विन तर बहुतेक पुस्तकांतून गायबच. 2 मार्च 1955 ला, म्हणजे नऊ महिने आधी, 15 वर्षांची ही मुलगी त्याच शहरात जागेवरून उठली नव्हती. बसमधला भेदभाव ज्या खटल्याने संपवला त्यातल्या फिर्यादींत ती होती, रोझा पार्क्स नव्हत्या. फिलिप हूसचं तिच्यावरचं पुस्तक उत्तम आहे, पण सहावीनंतर द्या.

लहानांसाठी रुबी ब्रिजेस. 1960, न्यू ऑर्लिन्स, गोऱ्यांच्या शाळेत निघालेली सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, बाहेर ओरडणारा जमाव आणि सोबतीला सरकारी मार्शल. रॉबर्ट कोल्स यांचं चित्रांचं पुस्तक सगळीकडे मिळतं. मला मात्र त्याचा शेवट खटकतो. रुबी जमावासाठी प्रार्थना करते आणि गोष्ट संपते, म्हणजे क्षमेची जबाबदारी पुन्हा त्या पोरीवरच. रुबीचं स्वतःचं 'थ्रू माय आईज' घ्या. त्यात खरे फोटो आहेत, ओरडणाऱ्या बायकांचे चेहरे आहेत, आणि वर्षभर तिला एकटीला शिकवणाऱ्या बार्बरा हेन्री बाई आहेत.

तुरुंगाचं म्हणशील, तर 'द यंगेस्ट मार्चर' बघ. बर्मिंगहॅम (अलाबामा), मे 1963. नऊ वर्षांची ऑड्री फे हेंड्रिक्स वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चात गेली आणि आठवडाभर कोठडीत राहिली. तिच्याच वयाच्या मुलांना हे झेपतं. घाबरतो आपण. त्याच वर्षीचा तिथल्या चर्चमधला बॉम्बस्फोट मात्र मीही या गटाला नाही सांगणार. त्यासाठी 'द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम' मोठ्यांना द्या.
– वासंतीकाकू

काकू, पटलं. पण एखाद्याने विचारलं, 'आपल्याकडे पण असं होतं का?' तर काय सांगू?
– मिलिंद

'हो' सांग. महाडचं चवदार तळं, 1927. पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला होता. 1946 मध्ये बाबासाहेबांनी डु बॉईस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहिलं होतं, त्यांचं उत्तरही आलं होतं, हेही सांगता येईल. पण कोणी विचारलं तरच. रुबीची गोष्ट अर्धी टाकून महाडला पोचायची घाई करू नका.
– वासंतीकाकू

टीनएजर्ससाठी याच चळवळीतले नेते जॉन लुईस यांची 'मार्च' ही तीन भागांची कॉमिक्स. त्यात शिव्या आहेत, मारहाण आहे, ते आई-बाबांना आधी सांगा. लुईसना स्फूर्ती मिळाली ती मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या 1957 च्या एका कॉमिकमधून, आणि त्या कॉमिकमध्ये गांधीजींवरही काही पानं आहेत. माझ्याकडे तिन्ही भाग आहेत, देतो.
– रोहन

सगळ्यांचे आभार. दुसरी-तिसरीला 'यंगेस्ट मार्चर', चौथी-पाचवीला 'थ्रू माय आईज'. लायब्ररीत होल्ड टाकलेत. मिलिंद, रोझा पार्क्सचं पुस्तक तू शोध आणि आणण्याआधी काकूंना दाखव. पोह्यांची पाळी कोणाची ते अजून ठरलेलं नाही.
– अनघा