मदत हवी आहे : उशीर किंवा चूक झाली तर लोक वेळेत सांगतील, असं काय करावं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ऑर्डरचं नियोजन माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात एका लॉटची शेड, म्हणजे रंगछटा, चुकली. डाइंगवाल्यांना ते सोमवारीच कळलं होतं. मला कळलं शुक्रवारी, थेट पॅकिंगच्या टेबलावर. चार दिवस शीटवर 'काम वेळेत' असंच लिहिलेलं. कुणी लबाड नाही हो. आमच्याकडे वाईट बातमी आणणाऱ्यालाच आधी बोलणी बसतात, म्हणून सगळे गप्प. मीही एकदा ओरडलोय, त्याचं आता वाईट वाटतं.

पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, प्रकल्प व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या आचारसंहितेत जबाबदारी, आदर, न्याय्य वागणूक आणि प्रामाणिकपणा ही चार मूल्यं आहेत. ती छापून भिंतीवर लावता येतील, पण शिफ्ट बदलताना मुकादम, मास्टर आणि आम्ही ऑफिसवाले ती पाळणार कशी? बरेच कामगार घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे नियम साधे आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेले हवेत.

'चूक लवकर सांगितली तर ओरडा नाही' असं कुणी आपल्या युनिटमध्ये ठरवून पाहिलंय का? मालकांना कसं पटवलंत? तीच चूक पुन्हा झाली तर काय करता? दिवाळीआधीची मोठी ऑर्डर सुरू होण्यापूर्वी हे लावायचं आहे.