पाणी कमी की वाटप चुकीचं?

पैठणकर: मुलीला शाळेत तक्ता करायचाय. पृथ्वीवरचं ९७.५ टक्के पाणी खारट, उरलेल्या २.५ टक्क्यांतलं दोन तृतीयांश बर्फात. म्हणून टंचाई, असं तिच्या पुस्तकाचं म्हणणं. मला पटत नाही. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणं भरतात आणि आम्ही खाली जायकवाडी धरणाच्या मृतसाठ्यावर, म्हणजे तळाच्या पाण्यावर, दिवस काढतो, यात बर्फाचा काय संबंध? राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटप, म्हणजे वरच्या-खालच्यांना न्याय्य हिस्सा, आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असं २०१४ मध्ये ठरलं. तरी तुटीच्या वर्षी कोर्टकचेरी आहेच.

प्रवराकाठ: असहमत. आमचं प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ चं, जायकवाडी त्यानंतर पन्नास वर्षांनी आलं. आजोबांनी पाटाच्या आवर्तनावर, म्हणजे पाळीने सुटणाऱ्या पाण्यावर, मळे उभे केले. शिवाय सोडलेल्यातलं पोचतं किती? निम्मंशिम्मं कोरड्या पात्रात मुरतं. आणि जायकवाडी उथळ, पसरट. तिथला पहिला लाभधारक सूर्यच!

पैठणकर: वाटेत काठावरच्या मोटारीही उपसतात, त्या कुणाच्या तेही लिहा की. आधी आला त्याची नदी म्हणायचं, तर तुमच्याही आधी अकोले तालुक्यातली आदिवासी गावं होती. धरण त्यांच्या जमिनीत, पाट तुमच्या दारात.

लातूरची: दोघांनीही उसाचं नाव काढलं नाही, कमाल आहे! एप्रिल २०१६ मध्ये आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक गाडीचे फोटो काढत होते. मला लाज वाटत होती, कारण ऊस आमच्याही जिल्ह्यात होता. किलोभर साखरेमागे दीड-दोन हजार लिटर पाणी जातं. पोती परदेशी गेली की पाणीच गेलं. वरचे चोर आणि खालचे साव, असं काही नाही.

प्रवराकाठ: ताई, ऊस सोडा म्हणणं सोपं. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा ठरलेला किमान दर, आहे, कारखाना उचलतो. तुरीचा हमीभाव कागदावर. भाव पडला की कोण येतं दारात?

लातूरची: कुणी नाही, हे मान्य. पण मग ठिबक तरी करा. मोकाट पाणी देऊन समन्यायीच्या नावाने बोटं कशाला मोडायची?

पैठणकर: ठिबकला माझी हरकत नाही, पण हिशेब टीएमसीत (अब्ज घनफुटांत) होऊ दे, उपदेशात नको. असो. तक्ता झाला. मुलीने विचारलं, आपलं धरण कुठल्या टक्क्यात? जगातल्या नद्या-तलाव मिळून गोड्या पाण्याचा अर्धा टक्काही भरत नाहीत, तेवढी जागाच तक्त्यात नव्हती. तिने पेन्सिलीने ठिपका दिलाय. प्रवराकाठ, तुमचं आवर्तन कधी सुटतंय?