तातडीची मदत हवी: जुना पाईप कुठला, कधीचा?

गोदाकाठ: घरात पेटीत जुना तंबाखूचा पाईप निघालाय. चांदीची कडी, काळी दांडी. पणजोबा पूर्णा जंक्शनला निजामाच्या रेल्वेत होते, त्यांना इंग्रज साहेबानं दिला म्हणतात. रविवारी काकांची पंचाहत्तरी आहे. पाईपसोबत चिठ्ठी द्यायचीय, कुठला नि कधीचा अशी. चार दिवस शोधायलोय, डोकं उठलं. लवकर सांगा.

जुनाबाजार: शिक्के काय आहेत? लाकडावर काय कोरलंय? त्याशिवाय कोण सांगणार?

रामफळ: आधी चिंच-मीठ लावून कडी घासा. आमच्या समया अशाच लखलखतात.

जुनाबाजार: घासू नका! शिक्का झिजला की ओळखच गेली.

रामफळ: वीस वर्षं घासतोय, काही झिजलं नाही.

उदगीरकर: निजामाचा काळ म्हणजे बिदरीकाम असेल. बिदर आमच्यापासून जवळच. जस्ताच्या काळ्या धातूत चांदी ठोकून बसवतात, हुक्क्याचे तळ तर बघत राहावेत असे.

गोदाकाठ: बिदरी नाही हो, लाकडी आहे!

जालनेकर२: तंबाखूचं कौतुक नको. माझे वडील तोंडाच्या कॅन्सरनं गेले.

गोदाकाठ: वाचून वाईट वाटलं. ओढायचा नाहीये, जपायचाय. घड्याळवाल्याचं भिंग आणलं. कडीवर ‘के अँड पी’, खाली तीन छाप: तीन पाकळ्यांचं पान, कुत्रा, मनोरा. लाकडावर ‘मेड इन आयरिश फ्री स्टेट’. दांडीचं भोक टोकाला नाही, वरच्या अंगाला आहे.

जुनाबाजार: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! के अँड पी म्हणजे कॅप अँड पीटरसन, आयर्लंडमधल्या डब्लिनची पाईप बनवणारी कंपनी. वरच्या अंगाचं भोक ही त्यांचीच खूण, धूर जिभेवर न जाता टाळूकडं जातो. पण कडी चांदीची नाही, निकेलची आहे.

रामफळ: तीन छाप म्हणजे चांदीच.

जुनाबाजार: नाही. इंग्लंडच्या चांदीवर चालता सिंह असतो, सोबत शहराची खूण: बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचं बिबट्याचं तोंड. डब्लिनच्या चांदीवर मुकुट घातलेली हार्प, म्हणजे तारांचं वाद्य. पान, कुत्रा, मनोरा हे पीटरसनचे घरचे छाप, निकेलवरचे. आणि आयरिश फ्री स्टेट, म्हणजे तेव्हाचं आयर्लंडचं राज्य, डिसेंबर १९२२ ते डिसेंबर १९३७ एवढंच होतं. पाईप १९२२ च्या आधीचा असूच शकत नाही.

गोदाकाठ: पणजोबा १९१९ ला वारले.

जुनाबाजार: मग त्यांचा नाही.

गोदाकाठ: राहवलं नाही, काकांनाच फोन केला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पाईप आजोबांचा. आजीच्या धाकानं यार्डातच ओढायचे. रिटायर झाल्यावर घरी आणला आणि पणजोबांची आठवण म्हणून पेटीत ठेवून दिला. चिठ्ठीत आता आजोबांचंच नाव लिहितोय. कडी घासली नाही.

उदगीरकर: तुमचे आजोबा पूर्णेच्या यार्डात कधी होते? माझे मामा पण तिथंच होते.