मदत हवी आहे: झिम्बाब्वेतील पायी सफारीसाठी गाईडचा परवाना कसा तपासावा?

नमस्कार. आम्ही काही मित्र झिम्बाब्वेतील माना पूल्स राष्ट्रीय उद्यानात पायी सफारी करण्याच्या विचारात आहोत. तेथील व्यावसायिक गाईडचे प्रशिक्षण आफ्रिकेतील सर्वांत खडतर प्रशिक्षणांपैकी एक मानले जाते. लेखी परीक्षेनंतर केवळ शिकाऊ परवाना मिळतो आणि त्यावर पाहुण्यांना गाडीतून जंगल दाखवता येते. परंतु हत्ती, रानम्हशी व सिंह यांच्या वावरातून पायी नेण्यासाठी अनुभवी गाईडच्या हाताखालची उमेदवारी, बंदुकीचा सराव, प्रथमोपचार आणि शेवटी जंगलातच होणारी प्रात्यक्षिक परीक्षा पार करून पूर्ण परवाना मिळवावा लागतो.

आम्हाला आलेल्या प्रस्तावात मात्र फक्त ‘अनुभवी गाईड’ एवढाच मोघम उल्लेख आहे, आणि पायी सफारीच्या बाबतीत तो मला पुरेसा वाटत नाही. ज्यांनी अशी सफारी केली आहे त्यांनी कृपया सांगावे, की आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी गाईडचे नाव व परवान्याची प्रत मागितल्यास कंपन्या देतात का, आणि ऐनवेळी गाईड बदलल्यास बदली गाईडही पूर्ण परवानाधारकच असेल अशी अट लेखी स्वरूपात घेता येते का?