पॅकर्सचा सर्वश्रेष्ठ रिसीव्हर कोण? माझं मत डॉन हट्सनला

गोदाकाठ

इथल्याच एका चर्चेत कोणीतरी लिहिलं होतं की ग्रीन बे पॅकर्सच्या (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधला संघ) इतिहासात डावांटे ॲडम्ससारखा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) झाला नाही, त्याआधीचे सगळे म्हणजे जुन्या काळच्या गोष्टी. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या लेखी पहिला नंबर डॉन हट्सनचा. १९३५ ते १९४५, सगळी ११ वर्षं ग्रीन बेकडूनच. ४८८ झेल, ७,९९१ यार्ड, ९९ टचडाउन (चेंडू समोरच्या टोकापार नेणं, त्याचे ६ गुण आणि वर किकचा १). हा ९९ चा विक्रम मोडायला १९८९ साल उजाडलं. तो सिअ‍ॅटलच्या स्टीव्ह लार्जंटने मोडला. १९४२ च्या मोसमात हट्सनने ११ सामन्यांत ७४ झेल घेतले. त्या वर्षी लीगमध्ये दुसरा जो होता त्याचे झेल किती? २७! ११ पैकी ८ मोसमांत लीगमधले सर्वाधिक झेल त्याच्या नावावर आहेत.

१९३५ मधला त्याचा शिकागो बेअर्स संघाविरुद्धचा सामना घ्या. पोरगा अलाबामाच्या कॉलेजातून नुकताच आलेला, व्यावसायिक लीगमधला जेमतेम दुसरा सामना. पॅकर्सची पहिलीच चाल. बेअर्सचं सगळं लक्ष पॅकर्सच्याच दुसऱ्या टोकाच्या जॉनी ब्लडवर. हट्सन आधी रमतगमत धावला, मग एकदम वेग वाढवून बचावपटूच्या मागे निघून गेला. पॅकर्सच्या आर्नी हर्बरने चेंडू लांबवर भिरकावला आणि ८३ यार्डांचं टचडाउन झालं. सामना ७–० सुटला, म्हणजे त्या एका चालीवरच जिंकला. वेग चोरून ठेवायचा आणि हवा तेव्हा काढायचा, हे आजचा प्रत्येक रिसीव्हर करतो. त्याची सुरुवात बघायची असेल तर इथे बघा.

वाटसरू

साफ असहमत.

हे आकडे कोणाविरुद्ध काढले, ते आधी बघा. १९४२ ते १९४५ म्हणजे ऐन महायुद्ध. निम्मेअधिक चांगले खेळाडू सैन्यात. बचावाला जो मिळेल तो उभा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम नव्हता, मालकांनी आपसात ठरवल्यासारखा व्यवहार होता. केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना लॉस एंजेलिस रॅम्सने घेतलं ते १९४६ मध्ये, आणि हट्सन निवृत्त झाला १९४५ च्या मोसमानंतर. म्हणजे त्याची अख्खी कारकीर्द त्या बंद दाराच्या आत गेली. यात त्याचा दोष नाही, पण 'सर्वश्रेष्ठ' म्हणताना हे डोळ्याआड कसं करणार?

आता ॲडम्स. २०२० मध्ये १४ सामन्यांत ११५ झेल, १८ टचडाउन. २०२१ मध्ये १२३ झेल, १,५५३ यार्ड. आणि हे कधी? समोरच्या संघाची आठवडाभराची तयारीच त्याला अडवायची असायची तेव्हा. त्याची सुरुवातीची दोन पावलं बघा. कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, हातभर अंतरावर उभा असतो. ॲडम्स उजवीकडे खांदा टाकतो, पाऊल मात्र टाकत नाही. समोरच्याची कंबर वळली की हा डावीकडून मोकळा. चेंडू हवेत जायच्या आधीच चाल जिंकलेली असते. आजच्या काळातले, लहानपणापासून तालीम घेतलेले कॉर्नरबॅक असे फसतात. १९४२ चा कॉर्नर त्याच्यापुढे उभा तरी राहिला असता का?

सोनचाफा

ब्रॅडमन आज खेळला असता तर सरासरी ९९.९४ राहिली असती का, हा वाद आपण घरोघरी घातलाय. त्याचं उत्तर नेहमी एकच असतं: माणूस त्याच्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती पुढे होता ते मोजा. ७४ आणि २७ हे अंतर त्याच मापातलं आहे.

युद्धाचा मुद्दा अर्धवट आहे. हट्सनने १९३६, १९३७, १९३९ आणि १९४१ मध्येही लीगमधले सर्वाधिक झेल घेतले, ते सगळे अमेरिका युद्धात उतरण्याआधीचे. १९३६ आणि १९३९ ची अजिंक्यपदंही युद्धाआधीची.

रंगभेदाचं मात्र वाटसरू म्हणतात ते खरं आहे, आणि ते प्रत्येक वेळी सांगितलंच पाहिजे. त्याची जबाबदारी लीगची. पण ती लीगच्या खात्यावर मांडायची, हट्सनच्या झेलांतून वजा नाही करायची.

उंबरठा

तुम्ही दोघं भांडताय आणि स्टर्लिंग शार्पचं नावही नाही? मी मिलवॉकीत राहतो. १९९४ पर्यंत पॅकर्स दरवर्षी काही घरचे सामने इथे खेळायचे, त्यामुळे इथल्या जुन्या प्रेक्षकांनी शार्पला जवळून पाहिलंय. त्यांच्यासमोर ॲडम्सचं नाव आधी घेऊन बघा!

१९९२ मध्ये १०८ झेल, तेव्हाचा विक्रम. त्याच वर्षी झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला. पुढच्या वर्षी ११२, स्वतःचाच विक्रम मोडला. १९९४ मध्ये १८ टचडाउन. मग मानेची दुखापत आणि खेळ कायमचा बंद. ७ मोसम, त्यात एकही सामना चुकवलेला नाही.

आणि त्याला चेंडू फेकणारा कोण होता? १९९२ चा ब्रेट फार्व्ह, जो तेव्हा कुठे काय फेकेल याचा त्यालाच पत्ता नसायचा. फार्व्हला फार्व्ह होईपर्यंत सांभाळलं ते शार्पने, असं माझं ठाम मत आहे. ८ जानेवारी १९९४, डेट्रॉइटमधला प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना. पॅकर्स ३ गुणांनी मागे, शेवटचं एक मिनिट. फार्व्ह डावीकडे पळतो आणि धावता धावता मैदानाच्या थेट उजव्या टोकाला चेंडू फेकतो. तसा चेंडू कोणी फेकत नाही, निम्म्या वेळा तो समोरच्याच्या हातात जातो. शार्प तिथे एकटा उभा. ४० यार्ड, टचडाउन, २८–२४. त्या दिवशीचं त्याचं तिसरं.

जानेवारी १९९७ मध्ये पॅकर्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा तो संघात नव्हता. हॉल ऑफ फेमने (महान खेळाडूंच्या सन्मान यादीत) त्याला घेतलं २०२५ मध्ये, धाकट्या भावाच्या, शॅननच्या, तब्बल १४ वर्षांनंतर. हा उशीर मला आजही खटकतो.

तळेगावकर

आकड्यांवरच जायचं तर डोनाल्ड ड्रायव्हर आहे की. ७४३ झेल, १०,१३७ यार्ड, दोन्ही पॅकर्सचे विक्रम. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) सातव्या फेरीत घेतलेला, संघात टिकेल याचीही खात्री नव्हती. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सविरुद्ध एकामागून एक बचावपटू झटकत त्याने केलेलं ६१ यार्डांचं टचडाउन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं.

वाटसरू

ड्रायव्हर मलाही आवडतो, पण ते १४ मोसमांचं संचित आहे. लीगमधला सर्वोत्तम तो कुठल्याच वर्षी नव्हता. शार्प होता, हे मान्य. तरी ७ वर्षं आणि ६५ टचडाउन. ॲडम्सची ग्रीन बेसाठी ८ वर्षांत ७३.

गोदाकाठ

७३ विरुद्ध ९९, तेही मोसमात १०–१२च सामने असताना! शिवाय १९७८ च्या नियमांनंतर रिसीव्हरला पाच यार्डांपुढे धक्का देता येत नाही. हट्सनला मैदानभर ढकलत न्यायचे. आणि तो झेल घेऊन बाकावर बसत नव्हता. बचावातही खेळायचा, किकही मारायचा. ऑक्टोबर १९४५ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध एका क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चौथ्या हिश्श्यात) त्याने एकट्याने २९ गुण केले: चार टचडाउन आणि पाच किक. ॲडम्सला कधी बचावात उभं केलंय?

वाटसरू

तेव्हा सगळेच दोन्हीकडे खेळायचे. प्रश्न रिसीव्हरचा आहे, अष्टपैलूचा नाही.

सोनचाफा

जेम्स लॉफ्टनला सगळेच विसरलात. १९७८ ते १९८६, ५३० झेलांत ९,६५६ यार्ड. झेलामागे १८ यार्डांहून जास्त! संघ असा की त्या ९ वर्षांत प्लेऑफ एकदाच, १९८२ च्या संपामुळे तुकडा पडलेल्या मोसमात. त्याच्यामागे ॲडम्सला चेंडू फेकणारा ॲरन रॉजर्स असता तर हा धागा निघालाच नसता.

गोदाकाठ

लॉफ्टन माझ्या यादीत तिसरा. हट्सन, शार्प, लॉफ्टन, मग ॲडम्स.

वाटसरू

ॲडम्स चौथा? रात्री सविस्तर लिहितो.