मदत हवी आहे: घाणेरी कापली, दुप्पट फुटली. आता?

नमस्कार मंडळी,

जंगल-माळरानाच्या कामात मुरलेले बरेच जण इथे आहेत म्हणून विचारते. सहा वर्षं मी नकाशे केले. उपग्रहाच्या चित्रावर रंग भरायचा, बाजूला ‘झुडपी क्षेत्र’ लिहायचं, पुढच्या चौकोनाकडे वळायचं. गेल्या वर्षी ते सोडून एका संस्थेची जागा सांभाळायचं काम घेतलं. ४० हेक्टर, बहुतेक उतार, खाली ओढा. निम्म्याहून जास्त भागात घाणेरी (टणटणी म्हणा, लँटाना म्हणा; बाहेरून आलेलं, स्थानिक झाडोरा दाबून पसरणारं झुडूप). संगणकावर तो फिकट हिरवा पट्टा किती निरागस दिसायचा! आता रोज कोपरापर्यंत ओरखडे आणि हाताला तो वास. साबणानेही जात नाही.

चूक आधीच कबूल करते. उन्हाळ्याच्या तोंडावर दोन हेक्टर घाणेरी कोयत्याने जमिनीलगत साफ करून घेतली. आधीचे-नंतरचे फोटो झकास आले, अहवालात लागले, सगळे खूश. दोन पाऊस झाले आणि प्रत्येक खुंटाच्या मानेभोवती कोंबांचं कडं उभं राहिलं. एका खुंटावर बसून मोजले, चौदा निघाले. मधल्या उघड्या जमिनीवर गाजरगवत. म्हणजे गेलेली परत आली ती पाहुणा घेऊनच.

मग वाचायला बसले (आधीच बसायला हवं होतं). दिल्ली विद्यापीठाचे परिसंस्था-अभ्यासक प्रा. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलात वापरलेली पद्धत सापडली: खुंट जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर तोडायचा, कारण कोंब त्या मानेतूनच येतात, आणि झुडूप तिथेच उलटं टाकायचं म्हणजे फांद्या मातीला टेकून मुळं धरत नाहीत. वीस झुडपांवर करून पाहिलं. तीनच फुटली, आणि तीही जिथे माझी कुदळ वरवर चालली तिथली.

पण हे काम सावकाश चालतं. वरिष्ठांचं म्हणणं, ‘जेसीबी आणू, महिन्यात मोकळं करू.’ अहवालात रकाना एकच: किती हेक्टर साफ केलं. तर मला विचारायचंय की उतारावर यंत्र चालवावं का? एका वर्षात किती जागा हातात घ्यावी? आणि त्या रकान्याचं काय करू?

*

रानवाट:
उतारावर यंत्र नको. घाणेरी कितीही वाईट असली तरी माती तिनेच धरून ठेवलीय. मुळासकट ओढून काढलीत की पहिल्या जोराच्या सरीत ती माती ओढ्यात. शिवाय यंत्राखाली फांद्या ओल्या मातीत दाबल्या जातात आणि पेरापेराला मुळं फुटतात. जमीन उलथली की गाजरगवताला आमंत्रणच. सपाटीवर एक वेळ चालेल, तेही त्याच पावसात गवत पेरायची तयारी असेल तर.

किती घ्यावी, हे हेक्टरवर ठरवू नका. पुढची तीन वर्षं पावसाळ्यानंतर किती जागेवर परत फिरता येईल ते मोजा, तेवढीच काढा. सिडनीत १९६०च्या दशकात ब्रॅडली नावाच्या दोघी बहिणी हेच करत होत्या. काम चांगल्या भागातून सुरू करून वाईट भागाकडे सरकवायचं, माती कमीत कमी हलवायची, आणि स्थानिक झाडोरा जितक्या वेगाने परत येईल तितक्याच वेगाने पुढे जायचं. आपण नेमकं उलटं करतो, सगळ्यात दाट जाळीवर आधी तुटून पडतो. तुमच्या जागेतला सगळ्यात बरा तुकडा कुठला? तिथली चार झुडपं आधी काढा.

खुंट:
रानवाटशी सहमत, दोन गोष्टी जोडतो. एक, बुलबुल-साळुंक्या फळं खाऊन ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली बघा. घाणेरीची रोपं तिथे गोलात उगवलेली असतात. पावसाळा संपता संपता माती ओली असताना दोन बोटांनी सुटतात, पुढच्या वर्षी कुदळ लागते. दुसरं, उघडी जागा उघडी ठेवू नका. तुमच्याच आवारात मारवेल किंवा पवना असेल तर बी धरलेलं गवत कापून खुंटांमध्ये पसरा, बाहेरचं बी आणायची गरज नाही. आणि कोणी ‘गुरं सोडा, खातील’ म्हणालं तर ऐकू नका, घाणेरीच्या पानांनी गुरांना विषबाधा होते.

रकान्याबद्दल: आहे तो राहू द्या, शेजारी आणखी एक आखा. खुंट्या ठोकून एक मीटर बाय एक मीटरचे दहा चौकोन कायमचे करा, दर पावसाळ्यानंतर त्यात घाणेरीचे कोंब किती आणि गवताच्या जाती किती एवढंच लिहा. फोटोही त्याच खुंटीवरून, त्याच दिशेने. वरिष्ठ फोटोवर खूश होतात ना, मग तिसऱ्या वर्षाचाही दाखवा.

*

(धागाकर्ती):
दोघांचेही आभार. आज ओढ्याकाठच्या उंबराखाली जाऊन पाहिलं. खरंच गोल! फांद्या जिथवर तिथवर रोपं. दीडशेपर्यंत उपटली, मग मोजणं सोडलं. बरा तुकडा म्हणाल तर वरच्या टोकाला एक गवताचा पट्टा आहे, कडेला घाणेरीची सातच झुडपं. वर्षभर त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं, नकाशावर दिसतही नाहीत. उद्या तिथून सुरुवात. जेसीबीचं बोलणं सोमवारी आहे, मातीचा मुद्दा घेऊन जाते.

एक राहिलं: उलटी टाकलेली झुडपं वाळली की उन्हाळ्यात वणव्याला खाद्य होतील ना? उताराला आडवी रचून ठेवू की जाळरेषेपासून (वणवा अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) लांब नेऊ? कोणी केलं असेल तर सांगा.