मागचं चाक धरून किती वर्षं काढायची?

घाटवेडा मुलुंडकर: चार टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या क्रिस फ्रूमने 2019 च्या अपघातानंतर सायकल खुंटीला टांगायला हवी होती. पुढची सगळी वर्षं गडी बहुतेक घाटांत मागेच. पोगाचारने पहिली टूर जिंकली 21 व्या वर्षी. मग पस्तिशी ओलांडलेल्यांनी जागा कशाला अडवायची? ‘अनुभव असतो, डावपेच कळतात’ म्हणे! मांड्यांत दम नसेल तर डावपेच करणार कशाच्या जोरावर?

दादरचा पॅडल: अल्प द्युएझला 2022 मध्ये फ्रूम तिसरा आला होता, एवढं तरी लिहा राव. आणि स्प्रिंटवाला कॅव्हेंडिश? 2023 च्या टूरमध्ये पडून कॉलरबोन मोडला, सगळ्यांनी त्याला निवृत्त करून टाकलं. 3 जुलै 2024, वय 39, सेंट-वुल्बा: टूरमधला 35 वा टप्पा-विजय खिशात, एडी मर्क्सचा 34 चा विक्रम मोडीत. शेवटचा किलोमीटर परत बघा. ह्याच्या चाकावरून त्याच्या चाकावर, फट दिसली की आत. ते पोरांना जमत नाही.

घाटवेडा मुलुंडकर: त्याच टूरच्या पहिल्या दिवशी उन्हाने त्याला उलट्या होत होत्या. सहकारी मागे थांबले, त्याला वेळेच्या मर्यादेत आणलं. एका म्हाताऱ्यापायी अख्खी टीम राबली.

गोरेगावची ताई: अहो, त्यालाच तर डावपेच म्हणतात! 2025 चा जिरो (इटलीची टूर) बघितलात ना? फिनेस्त्रेच्या घाटाआधी सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंद मागे. पहिल्या नंबरच्या गुलाबी जर्सीतला डेल टोरो 21 वर्षांचा. तो आणि कारापाझ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, येट्स निघून गेला. सकाळी ब्रेकमध्ये, म्हणजे पुढे निसटलेल्या गटात गेलेला येट्सच्याच टीमचा व्हान आर्ट त्याच्यासाठी थांबलेलाच होता, त्याने खालच्या दरीत येट्सला ओढत नेलं. समोरून वारा असताना नवी मुंबईच्या पाम बीच रोडला एकट्याने चालवून बघा, मग कळेल एका पुढच्या चाकाची किंमत. येट्सने जिरो 3 मिनिटं 56 सेकंदांनी जिंकला.

घाटवेडा मुलुंडकर: येट्स 32 चा, तो म्हातारा होय? आणि कारापाझही 32 चाच. मग त्याला का नाही सुचलं?

गोरेगावची ताई: त्याला सुचलंच होतं. डेल टोरोला पुढे करायचं, दमवायचं. पोरगा चाकावरून हललाच नाही. पण कारापाझचा पुढे कोणी माणूस नव्हता, हा खरा फरक. म्हणजे वयापेक्षा टीम मोठी, तेवढं तुमचं अर्धं बरोबर.

दादरचा पॅडल: माझं मत गेरेंट थॉमसला. 2023 चा जिरो, नुकती सदतिशी लागलेली, शेवटच्या टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाशी शर्यत) गुलाबी जर्सी गेली, तीही एकूण 14 सेकंदांनी. दुसऱ्या दिवशी रोममध्ये हाच माणूस पुढे येऊन कॅव्हेंडिशसाठी स्प्रिंट ओढतो. टीम वेगळी बरं का! कॅव्हेंडिश जिंकला.

घाटवेडा मुलुंडकर: थॉमस चालेल. फ्रूम नाही म्हणजे नाही.